सरळ धावते, वळताना अडते

सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कार्यालये सुटून दिल्लीचे रस्ते दुथडी भरून वाहू लागतात. दुभाजकात ठेवलेल्या मोकळ्या जागेपाशी एक लांबट, देखणी सेडान उजवा दिवा लुकलुकवत उभी असते. समोरून येणाऱ्या वाहनांच्या रांगेत क्षणभर खंड पडतो. चालक स्टिअरिंग पूर्ण फिरवतो, गाडी डौलात वळू लागते आणि पलीकडच्या पदपथाच्या कडेशी येऊन थबकते. कमी पडलेले अंतर असते शाळेतल्या मोजपट्टीएवढे. पण तेवढ्यासाठी गाडी मागे घ्यावी लागते. ती रस्त्यात आडवी होते, दोन्ही बाजूंनी हॉर्नचा गदारोळ उठतो, शेजारी बसलेले वृद्ध वडील खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबण्याची विनंती करू लागतात. त्याच वेळी एक ऑटोरिक्षा उरलेल्या फटीतून शिरून, जागच्या जागी वळून, निघूनही जाते.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात सेडान बाळगणाऱ्या कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद, कोठेही जा. गाडीचे इंजिन, आसने, डिकीतील जागा यांवर मालक भरभरून बोलतो आणि वळण्याचा विषय निघाला की त्याचा स्वर बदलतो. हौसेने घेतलेल्या गाडीविषयीची ही चिडचीड वरवर क्षुल्लक वाटते. तिच्यामागे मात्र साधी भूमिती आहे, शहराच्या रचनेचा प्रश्न आहे आणि कुटुंबाच्या सुरक्षिततेचा व खिशाचा हिशेबही आहे. म्हणूनच वाहनकर्जाच्या अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो समजून घेणे हिताचे ठरते.

त्रिज्या आणि व्यास

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून गाडी संथपणे चालवली, तर ती एका वर्तुळात फिरते. त्या वर्तुळात बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक ज्या रेषेवरून जाते, तिची केंद्रापासूनची त्रिज्या म्हणजे गाडीची किमान वळण-त्रिज्या. आपल्याकडील माहितीपत्रकांत बहुधा ही त्रिज्या मीटरमध्ये छापलेली असते. परदेशी माहितीपत्रकांत पुष्कळदा पूर्ण वर्तुळाचा व्यास दिलेला असतो. दोहोंतील फरक ध्यानात न घेता तुलना केली, की घोटाळा होतो. ५.३ मीटर त्रिज्या आणि १०.६ मीटर व्यास या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

आता काही परिचित गाड्यांचे आकडे पाहू. मारुती ८०० ची वळण-त्रिज्या ४.४ मीटर होती. मारुती डिझायरची ती ४.८ मीटर आहे, तर होंडा सिटीची ५.३ मीटर. एके काळी राजधानीच्या सरकारी रुबाबाचे प्रतीक असलेल्या ॲम्बेसेडरची त्रिज्या ५.४ मीटर होती. म्हणजे सिटीपेक्षाही ॲम्बेसेडरला वळायला अधिक जागा लागे. त्या काळी दिल्लीच्या रस्त्यांवर वाहने विरळ असल्यामुळे ही उणीव फारशी कोणाला टोचली नाही, इतकेच.

चाकांमधले अंतर

वळण-त्रिज्या ठरते ती मुख्यतः दोन गोष्टींवरून. पहिली, पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस. आणि दुसरी, पुढची चाके किती अंशांपर्यंत वळू शकतात ती मर्यादा. बाहेरचे चाक साधारण ३० अंश वळते असे धरले, तर वळण-त्रिज्या व्हीलबेसच्या दुप्पट येते. मारुती ८०० चा व्हीलबेस २.१७५ मीटर होता. त्याची दुप्पट ४.३५. डिझायरचा व्हीलबेस २.४५ मीटर, दुप्पट ४.९. सिटीचा २.६ मीटर, दुप्पट ५.२. प्रत्यक्ष छापील आकडे याच्या अगदी जवळ आहेत. ज्या माहितीपत्रकात वळण-त्रिज्या दिलेली नसेल, तेथे ग्राहकाने व्हीलबेसची दुप्पट करावी. अंदाज फारसा चुकत नाही.

येथेच सेडानच्या सुखाची किंमत दिसते. मागच्या आसनावर पाय पसरून बसता यावे, खड्ड्यांवरून गाडी संथ जावी, वेगात ती स्थिर राहावी, यासाठी व्हीलबेस लांब हवा. आणि व्हीलबेस लांबला की वळण रुंदावते. जी गोष्ट महामार्गावर सुख देते, तीच गल्लीत डोकेदुखी होते.

मग चाकेच अधिक का वळवू नयेत? अडचण अशी, की बहुतेक मध्यम किमतीच्या गाड्यांत इंजिन पुढे आडवे बसवलेले असते आणि तेच पुढची चाके फिरवते. चाकाला शक्ती पोचवणारा सांधा एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. इंजिन व गिअरबॉक्सने दोन्ही चाकांमधली जागा व्यापलेली असते. त्यातून टायर रुंद असेल तर तो आतल्या भागाला घासतो.

वळणाचा हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. बैलगाडीला किंवा टांग्याला दोनच चाके. त्यामुळे एक चाक जवळजवळ जागेवर राहून दुसरे त्याभोवती फिरू शकते. चार चाकांची बग्गी आली आणि गणित बदलले. वळताना आतले चाक लहान वर्तुळात व बाहेरचे मोठ्या वर्तुळात जाते, म्हणून दोन्ही पुढची चाके सारख्याच कोनात वळून चालत नाही. म्युनिक येथील बग्गी बांधणारे गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी यावर जोडणी शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी तिचे इंग्लंडमधील पेटंट घेतले. दोन शतकांनंतरही आकरमान यांच्याच नावाने ओळखले जाणारे ते तत्त्व मोटारींना वळवत आहे.

मोजपट्टीचा फरक

दुभाजकापाशी नेमके काय घडते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, दुभाजक १.२ मीटर रुंद आहे आणि पलीकडचा रस्ता प्रत्येकी ३.५ मीटरच्या दोन मार्गिकांचा, म्हणजे ७ मीटर रुंद आहे. गाडी दुभाजकापासून सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभी आहे.

मारुती ८०० चे वळण-वर्तुळ ८.८ मीटर व्यासाचे. तिची स्वतःची रुंदी व सोडलेले अंतर मिळून १.८ मीटर आणि दुभाजकाचे १.२ मीटर वजा केले, की पलीकडे ५.८ मीटर रस्ता लागतो. सव्वा मीटरच्या आसपास जागा उरते. डिझायरला याच हिशेबाने ६.३ मीटर लागतात. ७० सेंटिमीटर उरतात. सिटीच्या आकाराच्या सेडानला मात्र ७.३ मीटर लागतात. रस्ता ७ मीटरचा. ३० सेंटिमीटर कमी पडले. प्रारंभीच्या प्रसंगातील मोजपट्टी ती हीच.

हा हिशेबही चाकांचा झाला. बंपर चाकांच्या पुढे असतो आणि वळताना तो आणखी मोठ्या वर्तुळात फिरतो. अशा सेडानच्या पुढच्या कोपऱ्याला चाकापेक्षा साधारण अर्धा मीटर अधिक जागा लागते. पदपथ बुटका असेल तर बंपर त्यावरून निभावतो. कठडा किंवा भिंत असेल तर घासतो. कडेला एखादी गाडी उभी करून ठेवलेली असेल, तर मग डिझायरलाही एका दमात वळता येत नाही.

राजधानी क्षेत्र आणि सेडान

योगायोग असा, की आधुनिक भारतीय मोटारीचा मोठा इतिहास याच परिसरात घडला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, ती गाडी गुडगावची. देवू सिएलो १९९५ मध्ये आली ती सूरजपूरच्या कारखान्यातून आणि १९९८ मध्ये आलेली होंडा सिटी ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. मारुती ८०० वरून सेडानकडे जाणे ही अनेक मध्यमवर्गीय घरांत बढतीइतकीच आनंदाची घटना ठरली. नोकरीनिमित्त दिल्लीत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नव्हती. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत दूरचा प्रवास करायचा, तर डिकी मोठी हवीच.

गाडी मोठी झाली. तिच्यासाठीची जागा मात्र मोठी झाली नाही. राजधानीतील प्रमुख रस्ते प्रशस्त आहेत, पण अनेक चौकांत उजवे वळण बंद करून पुढे यू-टर्नची सोय केलेली आहे. घरासमोरच्या इमारतीत जायचे, तरी पुढे जाऊन परत फिरावे लागते. म्हणजे ज्या हालचालीत सेडान दुबळी आहे, तीच येथे पुनःपुन्हा करावी लागते. रस्ता सोडून वसाहतीत शिरावे, तर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या आणि मध्ये एका गाडीपुरती वाट.

इमारतींच्या तळमजल्यावरील खांबांमध्ये गाडी लावणे ही दुसरी कसोटी. दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या बृहद् आराखड्यात एका गाडीसाठी उघड्यावर २३, तळमजल्यावर छपराखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरण्यात आली. प्रत्यक्ष सेडान सुमारे ८ चौरस मीटर जागा व्यापते. उरलेली जागा धरलेली असते ती येण्या-जाण्यासाठी व वळण्यासाठी. नियोजनकारांना हे पक्के ठाऊक होते की गाडीला उभे राहण्यापेक्षा हलायला अधिक जागा लागते. रहिवासी मात्र त्या मोकळ्या जागेतही आणखी एक गाडी बसवतात आणि मग रोज सकाळी खांब व दरवाजा यांच्यामध्ये चार वेळा मागे-पुढे करण्याचा व्यायाम सुरू होतो. शेजाऱ्यांतील कुरबुरी पुष्कळदा येथूनच जन्मतात.

चिडचिडीपलीकडचे

वेळ जातो, मनस्ताप होतो, हे खरेच. पण त्याहून गंभीर बाजू सुरक्षिततेची आहे. वळण अपुरे राहिलेली गाडी मागे घेताना ती वेगवान मार्गिकेत आडवी उभी असते आणि चालकाचे लक्ष मागे असते. भरधाव येणाऱ्या दुचाकीस्वाराला रात्रीच्या वेळी ती दिसेलच याची शाश्वती नसते. वसाहतीत गाडी मागे घेताना खेळणारे मूल किंवा सावकाश चालणारे आजोबा मागच्या काचेत दिसत नाहीत. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील बाजूस पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले, त्यामागे हेच कारण आहे.

यू-टर्न एका दमात होणार नाही हे ठाऊक असल्याने काही चालक थोड्या अंतरासाठी उलट दिशेने गाडी घालतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहतुकीच्या विहित दिशेविरुद्ध वाहन चालवणे धोकादायक वाहनचालनात मोडते. कलम १८४ अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कारावासही होऊ शकतो. पाच मिनिटांच्या बचतीसाठी हा सौदा फारच महागडा आहे.

खर्चाचेही असेच. खांबाला घासून बंपर बदलावा लागला, असे समजा. बंपरची किंमत ८,००० रुपये. साध्या विमा पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, राहिले ४,०००. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. हाती आले ३,०००. पण दावा केल्यामुळे पुढील नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस शून्यावर येतो. सलग पाच वर्षे दावा न केल्यास हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता १२,००० रुपये असेल, तर ६,००० रुपयांची सवलत गेली. तीन हजार मिळवण्यासाठी सहा हजार गमावले. लहानसहान ओरखड्यांसाठी दावा करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर अवश्य मांडावा.

आणि गाडी अगदीच जमेना म्हणून वर्षभरात विकायची ठरवली, तर? कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे नजरगहाण असते. नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंद असते. उरलेले कर्ज फेडून बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ मिळाल्याखेरीज ती नोंद उतरत नाही. नव्या गाडीचे मूल्य पहिल्याच वर्षी लक्षणीय घटते, कर्जाची मुद्दल मात्र सावकाश उतरते. दोहोंतील फरक ग्राहकाला स्वतःच्या बचतीतून भरावा लागतो.

उपाय आहेत, पण

तंत्रज्ञान हतबल नाही. लंडनच्या काळ्या टॅक्सीला २५ फूट, म्हणजे सुमारे ७.६ मीटर व्यासाच्या वर्तुळात वळता आले पाहिजे, अशी अट तेथे दीर्घकाळ आहे. तिचा व्हीलबेस आपल्या सेडानपेक्षा लांब, तरीही ती मारुती ८०० पेक्षा कमी जागेत वळते. कारण ती गाडीच त्या अटीसाठी घडवलेली असते. पुण्याजवळच्या चाकण येथे जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएस या विजेवरील सेडानचा व्हीलबेस ३.२ मीटर आहे. पण तिची मागची चाकेही वळतात, म्हणून तिचा वळण-व्यास १०.९ मीटरवर राहतो. चाकणलाच तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या गाडीचा व्हीलबेस २.७७५ मीटर असूनही वळण-व्यास १० मीटर दिला आहे. तिची मोटर मागे असल्याने पुढच्या चाकांना अधिक वळायला मोकळीक मिळते.

करआकारणीनेही आखूड गाडीचीच पाठराखण केली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांपर्यंत लांबीच्या लहान गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यातूनच इंडिगो सीएस आणि पुढे डिझायर, अमेझ अशा आखूड डिकीच्या सेडान जन्माला आल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर लहान गाड्यांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. दहा लाखांच्या करपात्र किमतीवर हा फरक २ लाख २० हजार रुपयांचा होतो. ज्याला लांब गाडीची खरी गरज नाही, त्याचे कर्जही हलके आणि वळणही सोपे.

खरेदीपूर्वी

ग्राहक इंधनाचा खप विचारतो, रंग निवडतो, मासिक हप्त्याची घासाघीस करतो. वळण-त्रिज्या क्वचितच कोणी विचारतो. पुढील गोष्टी करायला एक दिवस पुरतो.

चाचणीसाठी मिळालेली गाडी विक्रेत्याने ठरवलेल्या सरळ, रुंद रस्त्यावर फिरवून परत करू नये. ती आपल्या गल्लीत आणावी. ज्या दुभाजकापाशी रोज वळावे लागते, तेथे वळवून पाहावी. आपल्या इमारतीतील नेमून दिलेल्या जागेत लावावी व बाहेर काढावी. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, हा अनुभव घ्यावा. गाडीच्या लांबी-रुंदीचे आकडे घेऊन खांबांमधले अंतर फितीने मोजावे. आणि दोन गाड्यांत निवड अडली, तर वर्षातील किती दिवस महामार्गावर जातात व किती दिवस वसाहतीत, याचा प्रामाणिक विचार करावा.

गाडी घेतली असेल तर

दुभाजकाला अगदी चिकटून वळण घेऊ नये. मागचा रस्ता आरशात नीट पाहून, दिवा देऊन, गाडी सुमारे एक मीटर डावीकडे ठेवून वळायला सुरुवात केली, तर वरच्या उदाहरणातील सेडानलाही ७.३ ऐवजी ६.३ मीटरच लागतात आणि वळण एका दमात पूर्ण होते. मात्र उजवीकडे मोकळी दिसलेली जागा साधण्यासाठी दिल्लीत दुचाकी व रिक्षा हमखास घुसतात. म्हणून वळताना उजव्या आरशावरील नजर हलू देऊ नये. गाडी अतिशय संथ ठेवून स्टिअरिंग लवकर व पूर्ण फिरवावे. अर्धे वळण झाल्यावर फिरवलेले स्टिअरिंग उपयोगाचे नसते. वळताना आतले मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा दुभाजकाच्या जवळून जाते, हेही ध्यानात ठेवावे.

मूळ मापापेक्षा रुंद टायर हौसेखातर बसवू नयेत. डावीकडे व उजवीकडे वळताना जागेत लक्षणीय फरक जाणवत असेल, तर चाकांची जुळवणी तपासून घ्यावी. जेथे रस्ता अरुंद आहे, तेथे अर्धा किलोमीटर पुढे जाऊन रुंद ठिकाणी वळावे. आणि कधी वळण अपुरे राहिलेच, तर शेजारच्या व्यक्तीला रहदारीत खाली उतरवून वाहने थांबवायला लावू नये. धोक्याचे चारही दिवे लावावेत, मागून येणारी वाहने थांबू द्यावीत आणि मगच गाडी मागे घ्यावी.

पलीकडे थांबलेल्यांनीही हॉर्नवरचा हात जरा आवरावा. आडव्या झालेल्या गाडीतील चालकाचे कौशल्य कमी असतेच असे नाही. बहुधा त्याच्या गाडीला फक्त ३० सेंटिमीटर रस्ता कमी पडलेला असतो. ते अंतर खरेदीच्या आधी मोजले, तर कर्जाच्या हप्त्यांची पाच-सात वर्षे गाडीही सुखाने वळते आणि घरी वाट पाहणारी माणसेही निश्चिंत राहतात.